चरख्यामागील माणूस

छापलेला मजकूर वाचावयास मनुष्यास शिकावें लागतें. अक्षरओळख, जोडाक्षरें, विरामचिन्हें, मग शब्दांचे अर्थ आणि शेवटीं लेखकाचा आशय, अशी पायरीपायरीनें ही विद्या हस्तगत होते. तिच्यासाठीं शाळा आहेत, शिक्षक आहेत, परीक्षा आहेत. छायाचित्राची गोष्ट मात्र निराळी समजली जाते. तें डोळ्यांपुढें धरलें कीं समजलें, अशी सर्वसाधारण कल्पना आहे. मोडी लिपींतील जुना कागद हातीं आला तर चांगला सुशिक्षित मनुष्यहि 'हें आपणांस वाचतां येत नाहीं' असें प्रांजळपणें सांगतो. परंतु छायाचित्र पुढें आलें असतां असें सांगणारा क्वचितच आढळेल. ज्याला डोळे आहेत त्याला छायाचित्र वाचतां येतें, हा समज किती फसवा आहे तें एका सुप्रसिद्ध चित्राच्या आधारें दाखवावें, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

तें चित्र महात्मा गांधींचें आहे. अमेरिकेंतील 'लाइफ' साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांनीं तें १९४६ सालीं घेतलें. पुस्तकांतून, भिंतीवरील तसबिरींतून आणि वर्तमानपत्रांच्या विशेषांकांतून तें इतक्या वेळां समोर आलें आहे कीं पुष्कळ श्रोत्यांस तें मिटल्या डोळ्यांनींहि दिसूं शकेल. परंतु मिटल्या डोळ्यांनीं दिसणारें चित्र आणि उघड्या डोळ्यांनीं दिसणारें चित्र हीं दोन एकच आहेत काय, हाच खरा प्रश्न आहे.

त्याची परीक्षा सोपी आहे. ज्यानें हें चित्र अनेकदां पाहिलें आहे अशा मनुष्यास विचारावें कीं, या चित्रांत गांधीजी काय करीत आहेत? बहुधा उत्तर येईल, 'सूत कातीत आहेत.' हें उत्तर चुकीचें आहे. चित्रांत गांधीजी वाचीत आहेत. त्यांच्या हातांत कागद आहेत, वृत्तपत्रांचीं कात्रणें आहेत. मान खालीं झुकली आहे आणि चष्म्याआडची दृष्टि त्या कागदांवर खिळली आहे. चरखा त्यांच्यापुढें आहे खरा, परंतु त्यांचा हात त्याला लागलेला नाहीं. चाक थांबलेलें आहे. मग कातण्याची क्रिया आली कोठून? ती पाहणाऱ्याच्या मनांतून आली. गांधीजी आणि चरखा हीं दोन नांवें एकमेकांस इतकीं चिकटलीं आहेत कीं दोन्ही एकत्र दिसतांच मन मधला दुवा आपण होऊन भरून काढतें. डोळ्यांनीं पाहण्यापूर्वींच स्मरणानें तें चित्र वाचून टाकलेलें असतें.

संस्कृत श्लोकाचा अर्थ लावतांना जुन्या शाळांत एक क्रम सांभाळला जाई. प्रथम पदच्छेद, मग अन्वय, मग अर्थ, आणि सर्वांत शेवटीं भावार्थ. पदच्छेद न करतां एकदम भावार्थाकडे धांव घेणारा विद्यार्थी बहुधा तोंडघशीं पडे. चित्राच्या बाबतींतहि हाच क्रम हितावह ठरतो. चित्रांत कोणकोणत्या वस्तु आहेत तें आधीं सुटें सुटें सांगावें. त्यांचा परस्परांशीं संबंध कसा जोडला आहे तें मग पाहावें. माणूस कोण, काळ कोणता, चित्र घेणारा कोण, हें त्यानंतर विचारावें. आणि एवढें झाल्यावरच चित्राचा भाव काय याविषयीं बोलावें.

या चित्राचा पदच्छेद थोडक्यांत आटोपतो, कारण त्यांत वस्तुच फार थोड्या आहेत. अगदीं पुढें उभ्या चाकाचा एक लांकडी चरखा आहे. त्याचे आरे आणि त्यांच्या टोकांवरून ताणलेली दोरी स्पष्ट दिसते. त्याच्या पलीकडे जमिनीवरील गादीवर एक वृद्ध गृहस्थ मांडी घालून बसले आहेत. अंगांत सदरा नाहीं. कमरेस पांढरें वस्त्र आहे. डोळ्यांस चष्मा आहे. हातांत कागद आहेत. वरच्या बाजूच्या खिडकींतून उजेड येत आहे. सभा नाहीं, निशाण नाहीं, दुसरा कोणी पुढारी नाहीं. ज्या मनुष्याच्या एका शब्दासरशीं हजारों लोक तुरुंगाची वाट धरीत, त्या मनुष्याच्या भोंवतीं या चित्रांत लोकसमुदायाचा मागमूसहि नाहीं. हा अभाव हेंसुद्धां एक पदच आहे. चित्रांत काय आहे याइतकेंच काय नाहीं याकडेहि लक्ष पुरविलें पाहिजे.

आतां अन्वय. चित्रांतील सर्वांत मोठी वस्तु कोणती? माणूस नव्हे, तर चरखा. चाक पुढें असल्यामुळें तें मोठें झालें आहे आणि माणूस मागें असल्यामुळें लहान. वास्तविक चरख्याचें चाक मनुष्यापेक्षां मोठें नसतें. परंतु कॅमेऱ्याच्या भिंगाला वस्तूची योग्यता कळत नाहीं, त्याला फक्त अंतर कळतें. जवळची वस्तु मोठी आणि दूरची लहान, एवढा एकच न्याय तें जाणतें. जुने चित्रकार या न्यायानें बांधलेले नव्हते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांतील पद्मपाणि बोधिसत्त्व भोंवतालच्या सर्व माणसांहून मोठा काढलेला आहे. तो पाहणाऱ्याच्या अधिक जवळ आहे म्हणून नव्हे, तर त्याची थोरवी तेवढी आहे म्हणून. तेथें आकार हा योग्यतेचा निदर्शक आहे. छायाचित्रांत ही सोय नाहीं. पण म्हणून छायाचित्रकार अगदींच पराधीन असतो असेंहि नाहीं. भिंगाचा न्याय त्याला बदलतां येत नसला तरी स्वतः कोठें बसावयाचें हें तो ठरवूं शकतो. बर्क-व्हाइट बाई चरख्याच्या अलीकडे बसल्या, आणि तेवढ्या एका निवडीनें चरख्याला तो आकार मिळाला जो अजिंठ्याच्या चित्रकारानें बोधिसत्त्वाला दिला होता.

या निवडीचा आणखी एक परिणाम आहे. कॅमेरा उभ्या माणसाच्या उंचीवरून खालीं पाहत नाहीं. तो बसलेल्या माणसाच्या पातळीवर उतरला आहे. त्यामुळें पाहणाराहि नकळत जमिनीवर, चरख्याच्या अलीकडे बसतो. माणसाकडे पाहावयाचें तर दृष्टीला चाक ओलांडून जावें लागतें. हा क्रम टाळतांच येत नाहीं. आधीं श्रम, मग श्रम करणारा; आधीं साधन, मग साधक. असा अर्थ कोणी काढला तर तो कल्पनेचा खेळ म्हणून सोडून देतां येणार नाहीं, कारण त्याला चित्राच्या रचनेंतच आधार आहे. अर्थ आणि कल्पना यांतील भेद ओळखण्याची हीच खूण होय. ज्या विधानासाठीं चित्रांतील एखाद्या जागेवर बोट ठेवतां येतें तें वाचन. ज्यासाठीं ठेवतां येत नाहीं तें मनोराज्य.

चित्रांत रंग नाहींत. जो काळा-पांढरा फोटो आज जुना वाटतो, तो त्या काळीं वृत्तपत्रीय छायाचित्रांचा नेहमींचा प्रकार होता. तेव्हां रंगांचा अभाव ही कांहीं बर्क-व्हाइट बाईंची खास योजना म्हणतां येणार नाहीं. तथापि त्या अभावाचा परिणाम मात्र खराच आहे. रंग गेले कीं वस्तूंचा भेद केवळ उजेड आणि अंधार यांच्या प्रमाणावर उरतो. चरख्याचें लांकूड गडद, वस्त्र पांढरें, आणि माणसाच्या अंगाची कांति या दोहोंच्या मधल्या राखी छटांची. माणसाचें शरीर एका बाजूनें लांकडाशीं आणि दुसऱ्या बाजूनें सुताशीं नातें सांगूं लागतें. रंगीत चित्रांत डोळा एखाद्या भडक वस्तूकडे पळाला असता. येथें त्याला पळावयास जागाच नाहीं. तो रेषांवर आणि घडणीवर स्थिरावतो.

हा उजेड मिळविणें सोपें नव्हतें. त्यासंबंधीं बर्क-व्हाइट बाईंनीं पुढें जी हकीकत लिहिली ती मोठी मनोरंजक आहे. त्यांना चित्र घेण्यासाठीं दोन-तीन अटी घालण्यांत आल्या. गांधीजींचा तो मौनाचा दिवस असल्यामुळें त्यांच्याशीं बोलावयाचें नव्हतें. प्रखर दिवे त्यांना सोसत नसल्यामुळें क्षणभर झगझगणारे, फ्लॅश-बल्ब म्हणून ओळखले जाणारे दिवे फक्त तीनच वापरावयाचे होते. आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी कीं, चरख्याजवळचें चित्र हवें असेल तर आधीं स्वतः सूत कातावयास शिकलें पाहिजे. ज्याला चरखा चालवितां येत नाहीं त्याला चरखा समजणार कसा, असा त्या अटीमागील रोकडा सवाल होता. बाईंनीं पेळू हातांत धरला, चाक फिरवून पाहिलें, आणि नवशिक्याप्रमाणें त्यांचा धागाहि वरचेवर तुटला. त्यानंतर त्यांना आंत जाऊं दिलें. खिडकींतला उजेड नेमका भिंगाच्या समोरून येत होता. छायाचित्रकाराच्या दृष्टीनें याहून गैरसोयीची स्थिति नाहीं. तीन दिव्यांपैकीं पहिले दोन वायां गेले आणि तिसऱ्यानें काम साधलें, असें त्या सांगतात.

छायाचित्रण आणि सूतकताई या दोन्ही हातकलाच आहेत, असें बाईंनीं तेथल्या मंडळींस म्हटलें, तेव्हां त्या मंडळींनीं गंभीरपणें उत्तर दिलें कीं, दोहोंत थोर ती सूतकताई. या संवादांत विनोद आहे, पण केवळ विनोद नाहीं. ज्या बाई तेथें कॅमेरा घेऊन आल्या होत्या त्यांचें सारें नांव यंत्रांच्या चित्रांवर उभें राहिलें होतें. १९०४ सालीं न्यूयॉर्क येथें जन्मलेल्या बर्क-व्हाइट यांनीं क्लीव्हलंड शहरांतील पोलादाच्या भट्ट्यांचीं चित्रें घेऊन आरंभ केला. १९३० सालीं सोव्हिएत रशियांतील नव्या कारखान्यांचीं चित्रें घेण्यासाठीं त्या तिकडे गेल्या. 'लाइफ' साप्ताहिकाचा १९३६ च्या नोव्हेंबरमधील पहिला अंक निघाला तेव्हां त्याच्या मुखपृष्ठावर त्यांनीं घेतलेलें माँटॅना संस्थानांतील फोर्ट पेक या प्रचंड धरणाचें चित्र होतें. अशी यंत्रांची भोक्ती असलेली स्त्री, आणि समोर यंत्रयुगाच्या हव्यासाविरुद्ध आयुष्यभर बोलत आलेला मनुष्य! गांधीजींचा हा विचार बाईंना सहज पटण्यासारखा नव्हता. तरीहि चरख्याच्या चाकाकडे त्यांनीं ज्या नजरेनें पाहिलें ती यंत्रावर प्रेम करणाऱ्याचीच नजर आहे. आरे, तुंबा, ताणलेली दोरी यांची घडण इतक्या आदरानें टिपणारा डोळा चरख्याच्या एखाद्या भक्ताजवळ असता कीं नाहीं याची शंकाच आहे. भक्ताला चरख्यांत तत्त्व दिसलें असतें. बाईंना त्यांत यंत्र दिसलें. आणि चरखा हें एक यंत्रच आहे, हें गांधीजींनाहि मान्य होतें.

आतां त्या मांडी घातलेल्या देहाकडे वळावें. हा देह उघडा आहे. परंतु हें उघडेपण साधें नाहीं. त्याला तिथि आहे. १९२१ च्या सप्टेंबर महिन्याच्या २२ तारखेस मदुरा येथें गांधीजींनीं सदरा व टोपी टाकून केवळ एक आंखूड पंचा नेसण्याचें व्रत घेतलें. परदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या होत्या; पण ज्याला खादी विकत घेण्याचीहि ऐपत नाहीं त्या गरिबानें अंगावर काय घालावें, या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं स्वतःच्या देहानें दिलें. हा वेष आरंभीं थोड्या मुदतीपुरता जाहीर झाला होता. तो पुढें जन्माचा सोबती झाला. १९३१ सालीं लंडनमध्यें गोलमेज परिषदेच्या वेळीं ते बादशहांच्या राजवाड्यांतहि याच वेषानें गेले. त्याच वर्षीं चर्चिल यांनीं त्यांचा 'अर्धनग्न फकीर' म्हणून उपहास केला. म्हणजे चित्रांतील देह हा नुसता देह नव्हे. तें एक बोलकें विधान आहे, आणि १९४६ पर्यंत त्या विधानाला पंचवीस वर्षें होत आलीं होतीं.

युरोपच्या कलेंत मानवी देहाला फार मोठें स्थान आहे. ग्रीक शिल्पकारांनीं संगमरवरांत घडविलेला तरुण मल्ल हा तेथला आदर्श. छाती रुंद, स्नायु पिळदार, पवित्रा डौलदार. त्या परंपरेंत वाढलेला डोळा या चित्राकडे वळला म्हणजे त्याची पंचाईत होते. येथें सत्याहत्तराव्या वर्षांतील कृश शरीर आहे, आणि तें आपला कृशपणा लपवीत नाहीं कीं मिरवीतहि नाहीं. शिवाय ज्या डोळ्यांनीं हें चित्र घेतलें त्या डोळ्यांनीं एक वर्षापूर्वीं दुसरेच कृश देह पाहिले होते. १९४५ च्या एप्रिलमध्यें जर्मनींतील बूखेनवाल्ड येथील छळछावणी मोकळी झाली तेव्हां बर्क-व्हाइट बाई तेथें होत्या. कुंपणाच्या तारांमागें उभ्या असलेल्या, हाडांचे सांपळे झालेल्या बंदिवानांचीं चित्रें त्यांनीं घेतलीं. एक कृशपणा दुसऱ्यांच्या क्रौर्यानें लादलेला, दुसरा स्वतःच्या निश्चयानें पत्करलेला. कॅमेऱ्याला दोन्हीकडे फक्त हाडें दिसतात. हा भेद चित्रांतील बैठकीवरून, चेहऱ्यावरील स्वस्थतेवरून आणि चित्राबाहेरील इतिहासावरून ओळखावा लागतो. केवळ शरीराकडे पाहून शरीराचा अर्थ लागत नाहीं.

बैठकीचीहि तीच गोष्ट. अमेरिकेंतील वाचक खुर्चीवर बसून 'लाइफ'चें पान उलटीत होता. त्याला जमिनीवर मांडी घालून बसलेला उघडा मनुष्य पाहून योगी, संन्यासी, पूर्वेकडील गूढ साधु असें कांहीं तरी आठवलें असल्यास नवल नाहीं. मराठी घरांतील मनुष्याला मात्र त्या बैठकींत गूढ असें कांहींच दिसत नाहीं. उन्हाळ्याच्या दिवसांत अंगांतला सदरा काढून, भिंतीजवळच्या गादीवर बसून, चष्मा लावून वर्तमानपत्र वाचणारे आजोबा कोणाच्या घरीं नसतात? त्या दृष्टीनें पाहिलें तर हें चित्र तपस्व्याचें न राहतां एका घरगुती वृद्धाचें होतें. आणि तेंहि खरें आहे. एकच बैठक, पण एकाला तींत तपश्चर्या दिसते आणि दुसऱ्याला दुपारची वेळ. यांपैकीं कोणता अर्थ बरोबर, असा हट्ट धरण्यापेक्षां आपला अर्थ आपल्या कोणत्या सवयींतून आला हें जाणणें अधिक महत्त्वाचें आहे.

काळाचा विचार केल्यास हातांतील कागदांनाहि वजन येतें. १९४६ च्या मार्चच्या अखेरीस ब्रिटिश मंत्रिमंडळाचें शिष्टमंडळ हिंदुस्थानांत आलें. सत्तांतर कोणत्या स्वरूपांत व्हावें, देश एक राहावा कीं दुभंगावा, याच्या वाटाघाटी सुरू झाल्या. त्याच महिन्यांत गांधीजींनीं पुण्याजवळ उरुळीकांचन येथें निसर्गोपचाराच्या कार्याला आरंभ केला होता. एकीकडे साम्राज्याचा हिशेब आणि दुसरीकडे खेड्यांतील रोग्यांसाठीं माती-पाण्याचे उपचार, अशीं दोन्ही कामें एकाच मनुष्याच्या हातीं एकाच वेळीं होतीं. कातणें तर रोजचेंच होतें. त्याची एक मोठी तालीम महाराष्ट्रांतच, येरवड्याच्या तुरुंगांत झालेली होती. पेटींत मिटवून ठेवतां येणारा, आडव्या चाकांचा जो सुटसुटीत चरखा पुढें सर्वत्र पसरला तो त्या तुरुंगावरूनच 'येरवडा चक्र' या नांवानें ओळखला गेला. बर्क-व्हाइट बाईंच्या चित्रांतील चरखा मात्र तो नव्हे. तो खेड्यापाड्यांतून पूर्वापार चालत आलेल्या उभ्या चाकाच्या जातीचा आहे. चित्राच्या दृष्टीनें हें इष्टच झालें. आडवा चरखा जमिनीला चिकटून राहिला असता; उभें चाक तेवढें माणसाच्या आणि पाहणाऱ्याच्या मध्यें येऊन उभें राहूं शकलें.

इतकी थोर गणली गेलेली ही कृति प्रथम कोणी डोक्यावर घेतली नाहीं. 'लाइफ'च्या १९४६ च्या २७ मेच्या अंकांत हिंदुस्थानच्या पुढाऱ्यांवर सचित्र लेख आला. त्यांत हें चित्र नव्हतें. थोड्याच दिवसांनीं गांधीजींच्या निसर्गोपचाराविषयींच्या मजकुराच्या माथ्यावर तें लहान आकारांत छापलें गेलें. त्यानंतर १९४८ च्या जानेवारीची ३० तारीख आली. त्या दिवशीं गांधीजींचा खून झाला. त्याच दिवशीं, अवघ्या कांहीं तासांपूर्वीं, बर्क-व्हाइट बाई त्यांची मुलाखत घेऊन गेल्या होत्या. 'लाइफ'नें फेब्रुवारीच्या अंकांत श्रद्धांजली वाहिली तेव्हां हें चित्र ठळकपणें छापलें, आणि तेथून तें जगाचें झालें.

येथें एक विलक्षण गोष्ट घडली. चित्रांतील एक बिंदूहि बदलला नव्हता. तरी चित्र बदललें. १९४६ मध्यें थांबलेलें चाक म्हणजे कातणारा क्षणभर वाचीत आहे, वाचून झालें कीं तो पुन्हां कातूं लागेल, एवढाच अर्थ होता. १९४८ नंतर तेंच चाक कायमचें थांबलेलें दिसूं लागलें. पूर्वीं ज्या एकांतांत केवळ निवांतपणा होता, त्यांत आतां विरह आला. हें पाहणाऱ्यानें चित्रावर लादलेलें ओझें आहे कीं चित्राच्या पोटांत असलेली शक्यता प्रकट झाली? दोन्ही बाजूंनीं बोलतां येईल. पण एवढें निश्चित कीं, चाक फिरत असतें आणि हात सुतावर असता, तर हा दुसरा अर्थ तेथें उतरूं शकला नसता. स्थिर चाकानें त्याला जागा दिली. चित्रांत जागा असल्याखेरीज नवा अर्थ फार काळ वस्ती करीत नाहीं.

या चित्राविरुद्ध एक आक्षेप घेतां येतो आणि तो टाळण्यासारखा नाहीं. असें चित्र विचाराची जागा बळकावतें. चरख्यानें देशाचें दारिद्र्य हटेल काय, हा एक खराखुरा आर्थिक प्रश्न होता. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्या गांधीजींच्या चाहत्यानेंच १९२५ सालीं 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकांत लेख लिहून चरख्याच्या संप्रदायाला विरोध दर्शविला. सर्वांनीं एकच क्रिया यंत्रवत् करीत राहण्यानें मनाची वाढ खुंटते, अशी त्यांची भीति होती. या वादाचा निकाल छायाचित्र देऊं शकत नाहीं. सुंदर उजेडांत दिसला म्हणून चरखा खरा ठरत नाहीं, आणि नाटकी प्रकाशांत दिसला म्हणून खोटाहि ठरत नाहीं. एक मनुष्य एका चरख्याजवळ बसून वाचीत होता, एवढीच साक्ष चित्र देतें. बाकीचें सारें पाहणाऱ्यानें बाहेरून आणावयाचें असतें, आणि जें बाहेरून आणलें तें बाहेरून आणलें असें कबूल करावयाचें असतें.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. प्रतीक मोठें झालें कीं माणूस त्याच्या आड जातो. १९३१ सालीं काँग्रेसनें स्वीकारलेल्या तिरंगी निशाणावर चरखा होता; १९४७ च्या जुलैच्या २२ तारखेस घटना समितीनें राष्ट्रध्वज ठरविला तेव्हां त्याच्या जागीं अशोकचक्र आलें. चक्र राहिलें, पण चाती, दोरी आणि हात यांची गरज उरली नाहीं. भिंतीवरच्या तसबिरीचेंहि तसेंच होतें. चरख्याला नमस्कार करणाऱ्यांत चरखा चालविणारे किती, हा प्रश्न तसबीर कधीं विचारीत नाहीं. बर्क-व्हाइट बाईंना चित्र घेण्यापूर्वीं कातावयास लावणाऱ्या मंडळींनीं तो प्रश्न नेमका विचारला होता. त्यांची अट हट्टाची वाटली तरी तिच्यांत पाहण्याच्या शास्त्राचें एक तत्त्व आहे. वस्तु हाताळल्याखेरीज डोळा तिला पुरती ओळखीत नाहीं. कदाचित् म्हणूनच, प्रतीक एवढें मोठें दिसत असूनहि, या चित्रांत माणूस हरवलेला नाहीं. चाकाच्या पलीकडे तो आहे. आपल्या चित्राकडे, कॅमेऱ्याकडे किंवा पुढच्या पिढ्यांकडे न पाहतां तो आपलें काम करीत आहे. भव्य चाकापेक्षां हा झुकलेला माथा अधिक वेळ पाहण्यासारखा आहे.

ही रीत थोरांच्या चित्रांपुरतीच नाहीं. बहुतेक सुशिक्षित कुटुंबांत एखादा जुना आल्बम असतो. त्यांत स्टुडिओंतल्या रंगविलेल्या पडद्यापुढें काढलेलीं आजी-आजोबांचीं काळींपांढरीं चित्रें असतात. 'हे आमचे आजोबा' एवढें म्हणून पान उलटलें जातें; म्हणजे नांव ओळखलें जातें, चित्र पाहिलें जात नाहीं. त्या पानावर थोडें थांबावें. खुर्चीवर कोण बसलें आहे आणि शेजारीं कोण उभें आहे? कोणाचा हात कोठें ठेवला आहे? अंगावरचे कपडे रोजचे आहेत कीं त्या दिवसापुरते आणलेले? कोणाची नजर कॅमेऱ्याकडे आहे आणि कोणाची खालीं? आणि घरांतलें कोण त्या चित्रांत मुळींच नाहीं? हे प्रश्न विचारणाऱ्याला त्या दोन बोटें रुंद कागदावर आपल्या घराचा असा इतिहास सांपडेल कीं जो घरांत कोणी त्याला सांगितलेला नसतो. मात्र उत्तर देतांना पुन्हां तोच नियम पाळावा, आणि प्रत्येक उत्तरासाठीं चित्रांतील एखाद्या जागेवर बोट ठेवतां येईल एवढी खबरदारी घ्यावी.